हजार माणसांमागे एक

पेपर एजन्सीवाल्याला निवडणूक म्हणजे सुगी. ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, निकालाच्या दुसऱ्या दिवशी जादा अंक मागवावे लागतात आणि तेही सकाळी आठच्या आत संपतात. पहूरच्या बसस्टँडजवळ माझं पेपरचं टेबल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि जामनेरहून शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे पहाटेपासून माणसांची ये-जा असते. कुणी पहिल्या एसटीचं, कुणी दूध घेऊन निघालेलं, कुणी बियाण्याच्या दुकानासमोर ताटकळत उभं. पेपर विकत घेणारे त्यातले थोडे, उभ्या उभ्या वाचून परत घडी घालून ठेवणारे जास्त. मी कुणाला हटकत नाही. आज फुकट वाचणारा उद्या महिना लावतो, हा वडिलांचा हिशेब होता आणि तो बऱ्यापैकी खरा ठरला.

निवडणुकीत गिऱ्हाईक कसं वागतं ते या टेबलामागून चांगलं दिसतं. विधानसभेच्या वेळी आपल्या माणसाविरुद्ध बातमी आली की काही जण महिनाभरासाठी पेपरच बंद करतात. एखादा अंक वर ठेवला की "तू त्यायच्यावाला का?" असं तोंडावर विचारतात. मग मी सगळे गठ्ठे एका ओळीत लावतो, कुणाचंही नाव वर येणार नाही अशा बेताने. प्रचाराचे ते पंधरा-वीस दिवस मीही बोलताना जपून बोलतो. उधारी वसूल करायची असते.

पण ज्या निवडणुकीत याच लोकांना मी मोकळेपणाने बोलताना ऐकलं, तिच्यात आमच्यापैकी कुणालाच मतदान करायचं नव्हतं. 2007 सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक.

त्याआधी राष्ट्रपतीची निवडणूक म्हणजे आमच्याकडे आतल्या पानावरची बातमी. 2002 मध्ये कलामसाहेब आले तेव्हा शाळेच्या पोरांना आनंद झाला, पण समोर कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या होत्या हे मोजक्यांनाच माहीत होतं. 2007 च्या उन्हाळ्यात मात्र नावं चर्चेत आली तीच महाराष्ट्रातली. आधी शिवराज पाटील, मग सुशीलकुमार शिंदे. लोक पेपर उलटून विचारू लागले, "आज कोणाचं?" आणि 14 जूनला संध्याकाळी बातमी आली ती थेट आमच्या जिल्ह्याची. प्रतिभाताई पाटील.

15 जूनच्या पहाटे जळगावच्या गाडीतून गठ्ठे उतरले तेव्हा सुतळी सोडायच्या आधीच वरच्या अंकावरचा फोटो दिसला. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. पुरवण्या घालायचं काम राहिलं बाजूला. लाइनवरची पोरं सायकली टेकवून वाचत बसली. त्या दिवशी रिटर्नला एकही अंक गेला नाही.

ताईंचं जन्मगाव नाडगाव. जामनेर ओलांडलं की बोदवड आणि बोदवडला लागून नाडगाव. शिक्षण जळगावला, मूळजी जेठा कॉलेजात. 1962 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार, त्यानंतर एदलाबादमधून, म्हणजे आत्ताच्या मुक्ताईनगरातून, सलग चार वेळा. मंत्रिपदं, 1979-80 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी आणि 2004 पासून राजस्थानचं राज्यपालपद. हे सगळं पेपरात चौकटी करून छापून आलं होतं. पण टेबलाशी त्या आठवड्यात जे ऐकलं ते चौकटीत नव्हतं. प्रत्येकाकडे ताईंचा एक धागा होता. एकाची आत्या एदलाबादला दिलेली, तिच्या गावात ताई जीपमधून उतरून ओट्यावर बसल्या होत्या. एकाचा मुलगा बांभोरीला ताईंच्या संस्थेच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला. एका म्हाताऱ्या आबांनी तर फैजपूरपासून सुरुवात केली. 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाला ते वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते म्हणे. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. "तवा दिल्लीवाले इथे आले होते," आबा म्हणाले, "आता इथलं माणूस दिल्लीले चाललं." यातलं किती खरं आणि किती वाढवून सांगितलेलं, हे कुणी तपासलं नाही. तपासायची गरजही नव्हती.

गंमत अशी की इतकं बोलणं चाललं होतं आणि प्रचार मात्र गावात शून्य. ना भोंगा, ना रिक्षा, ना भिंतीवर चुना. या निवडणुकीत मतदार म्हणजे खासदार आणि आमदार. उमेदवार फिरतात ते राज्यांच्या राजधान्यांत. ताई फिरत होत्या, समोरचे भैरोसिंह शेखावतही फिरत होते, पण पहूरला कोण कशाला येईल? पेरणीचे दिवस होते. ज्यांच्याकडे विहिरीचं पाणी, त्यांचा कापूस वर आलेला. कोरडवाहूवाले आभाळाकडे बघत टेबलाशी यायचे, पहिलं पान वाचायचे आणि मग हवामानाचं.

एकदा सरळ प्रश्न आला. विचारणारा वाकोद रस्त्याकडचा एक शेतकरी, सगळे त्याला बापू म्हणतात. "आपल्या आमदाराचं एकच मत धरतात ना?"

मी जुन्या अंकाच्या कोऱ्या कडेवर पेनाने हिशेब मांडला. आदल्या दिवशीच पेपरात आला होता. महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235. तिला आमदारांच्या संख्येने, म्हणजे 288 ने, भागायचं. जे येईल त्याला पुन्हा हजाराने. उत्तर आलं 175. म्हणजे आमच्या जामनेरच्या आमदाराच्या एका मताची किंमत 175. उत्तर प्रदेशच्या आमदाराची 208, सिक्कीमच्या आमदाराची 7. खासदार कुठलाही असो, 708.

बापूने कडेवरचे आकडे बोटाने पुन्हा तपासले. "म्हंजे हजार मानसांमागं एक?"

"हो, तसंच."

"पन महाराष्ट्र पाच कोटीचा कवा होता? आता तर दहाच्या वर गेला."

मी सांगितलं, आकडा 1971 च्या जनगणनेचा आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून 1976 मध्ये घटनादुरुस्ती करून तो गोठवला. पुढे 2001 मध्ये ती मुदत वाढवली. आता 2026 नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे लागू होईपर्यंत हाच.

बापू थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "माह्या बाप एकाहत्तरले जित्ता होता. तो या हिशोबात हाये. अन् माह्यं पोरगं पंचवीस वर्साचं झालं, ते नाई. मेलेल्याचं चालतं, जित्त्याचं नाई!"

सगळे हसले. पण त्या हसण्यानंतर लोक हा हिशेब दुसऱ्याला समजावून सांगू लागले. चहाच्या टपरीवर, पीजेच्या डब्यात. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी तेव्हा चालू होती. एका कंडक्टरने तर तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवला. व्हीप लागत नाही, मतदान गुप्त, मशिनचं बटण नाही, कागदावर नावापुढे 1, 2 असे पसंतीचे आकडे घालायचे, हेही पोचलं. शाळेत नागरिकशास्त्रात हे सगळं होतं. तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण तेव्हा उमेदवार बोदवडकडचा नव्हता.

हिशेब कळल्यावर पुढची गंमतही कळली. जामनेरचे आमदार गिरीश महाजन भाजपचे. ताईंच्या जुन्या एदलाबाद मतदारसंघाचे आमदार एकनाथ खडसे, तेही भाजपचे. भाजपचा पाठिंबा शेखावतांना. म्हणजे ज्या भागाने ताईंना चार वेळा विधानसभेत धाडलं, त्या भागाचे 175 पक्षाच्या हिशेबाने समोरच्या पारड्यात. दुसरीकडे भाजपची जोडीदार शिवसेना मराठी माणूस म्हणून ताईंच्या मागे. "हे काय चालू राह्यलं?" असं विचारत लोक येत. 1969 ची आठवण असलेले एक निवृत्त तलाठी होते. गिरी आणि संजीव रेड्डींच्या वेळी इंदिरा गांधींनी अंतरात्म्याचा आवाज काढला आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजेपर्यंत निकाल लागला नाही, हे ते रंगवून सांगत. "या निवडणुकीत पक्ष फाटतात, हे जुनंच आहे," असा त्यांचा निर्वाळा.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. माझ्या टेबलाशी त्या महिन्यात चार प्रकारचे लोक येत होते आणि कुणीच सरळ एका बाजूला नव्हतं.

एक किराणा दुकानदार, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं. शेखावत म्हणजे त्याच्या घरात 'बाबोसा'. तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री, तेव्हा देशाचे उपराष्ट्रपती. त्याचं मन तिकडे ओढत होतं. पण ताईंचे यजमान देवीसिंह शेखावत, त्यांचं मूळही सीकरकडचं. "एक आमचे बाबोसा, दुसऱ्या आमच्या सूनबाई," तो म्हणायचा. "कुणीही आलं तरी मी पेढे वाटणार." आणि पुढे हळूच, "पण बाबोसांचा अनुभव मोठा, हे तुम्हीसुद्धा मान्य करा." ताईंच्या बाजूचे मान्य करत. विधानसभेच्या वेळी हे वाक्य उच्चारायची त्याची छाती झाली नसती, आणि कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

दुसरी ज्युनिअर कॉलेजची पोरं. त्यांना कलामच पाहिजे होते. एकाच्या दप्तरात 'अग्निपंख' होतं. जूनमध्ये तिसऱ्या आघाडीने कलामांचं नाव पुढे केलं, कलामांनी निवडून यायची खात्री असेल तरच उभा राहीन असं म्हटलं आणि शेवटी नकार कळवला, तेव्हा ही पोरं खट्टू झाली. पण त्यातलाच एक जण म्हणाला, "आपल्या जिल्ह्याची बाई राष्ट्रपती होणार, हे चांगलंच आहे की." दुसऱ्याने लगेच तोडलं, "जिल्ह्याची म्हणून का? मग कलाम रामेश्वरमचे, तरी तुला आवडले ना?" तो निरुत्तर झाला, आणि मीही. या प्रश्नाला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही.

तिसरे ते, ज्यांना पदर-बुरख्याच्या बातमीने बोलतं केलं. उदयपूरच्या कार्यक्रमात ताई म्हणाल्या की पडद्याची चाल मोगलांच्या आक्रमणापासून बायकांचं रक्षण करण्यासाठी आली. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली. आमच्याकडे दोन्ही प्रतिक्रिया आल्या. कुणी "खरंच बोलल्या" म्हणालं. एक मुस्लिम गिऱ्हाईक, रोजचे, अंक घडी करून परत ठेवताना म्हणाले, "प्रतिभाताई आमच्याही आहेत. असं बोलायला नको होतं." तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी आले, अंक घेतला, पूर्ण वाचला. पेपर बंद केला नाही.

चौथ्या एक निवृत्त शिक्षिका. त्या बाई दर सकाळी फिरून येताना अंक घेत. त्यांचे निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत अडकले होते. पतसंस्थेचं नाव इथे घेत नाही, तेव्हा आमच्या जिल्ह्यात अशा अडकलेल्या ठेवींची घरं बरीच होती. जूनअखेरीस ताईंच्या विरोधकांनी जळगावच्या महिला सहकारी बँकेचा विषय काढला. ती बँक ताईंनी स्थापन केलेली, आणि रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये तिचा परवाना रद्द केलेला. साखर कारखान्याच्या कर्जाचंही आलं. ताईंच्या बाजूने आरोप फेटाळले गेले. दिल्लीच्या वाहिन्यांवर हे राजकारण होतं. आमच्या टेबलाशी ते ठेवीदाराचं दुखणं होतं.

बाईंनी तो अंक घेतला, उभ्यानेच वाचला आणि म्हणाल्या, "माझी विद्यार्थिनी आमदार झाली असती तरी मला इतका आनंद झाला नसता, जितका हा होतोय. बाई राष्ट्रपती होतेय." मग चष्मा काढून पदराने पुसत, "पण बँकेचं उत्तर मला पाहिजे. ठेवीदाराला उत्तर मिळायलाच पाहिजे, मग समोर कोणी का असेना." दोन्ही वाक्यं एका दमात. बाजूला ताईंचे कडवे समर्थक उभे होते. कुणी म्हटलं नाही, "तुम्ही त्यायच्यावाल्या का?"

मी बराच विचार केला, हे त्या वेळीच कसं जमलं. मला वाटतं, आमच्याकडून कुणाला काही हवं नव्हतं. मत मागायला कुणी येणार नव्हतं, म्हणून कुणाचं मिंधं व्हायचं कारण नव्हतं. निकालानंतर कुणाची जिरवायची नव्हती. बोअरचं, रस्त्याचं, बदलीचं काम कुणाकडून करून घ्यायचं नव्हतं. मग अभिमान वाटला तर तोही बोलता आला आणि शंका आली तर तीही. आमदारकीला याच माणसांना एक बाजू निवडावी लागते, आणि एकदा निवडली की तिच्यातलं वाईट दिसलं तरी डोळ्याआड करावं लागतं. शेजारी बघत असतो.

19 जुलैला मतदान झालं. आमच्या आमदारांचं मुंबईत, विधानभवनात. 21 ला मोजणी, शनिवार. भारनियमनाचे दिवस होते, दुपारी वीज नव्हती. टीव्हीपुढे बसायचा प्रश्न नव्हता. ट्रान्झिस्टर असलेल्या एका पानवाल्याकडे गर्दी झाली. संध्याकाळपर्यंत गावात कळलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. लोकांना छापलेलं हवं होतं. मी रात्रीच जळगावला फोन करून जादा अंक सांगितले.

रविवारी पहाटे गाडी आली तेव्हा टेबलाशी आधीच माणसं उभी. ताईंना 6,38,116, शेखावतांना 3,31,306. बापूने आकडा बघून विचारलं, "हे हजारावाले का, खरेखुरे?" मी सांगितलं, किमतीचे. प्रत्यक्ष मतदार ताईंचे 2,931, शेखावतांचे 1,449. जवळपास दोन तृतीयांश. बापूने एक अंक नेहमीसारखा वाचून परत ठेवला नाही, विकत घेतला. किराणावाल्याने पेढे वाटले, बोलल्याप्रमाणे, आणि शेखावतांनी निकालाच्या दिवशीच उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिल्याची बातमी त्यातल्या त्यात मोठ्याने वाचून दाखवली. बाईंनी दोन अंक घेतले. एक घरी ठेवायला, एक पुण्याच्या नातीला पाठवायला. "बँकेचं?" मी विचारलं. "ते आहेच," त्या म्हणाल्या.

25 जुलैला शपथविधी झाला. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि आमच्या जिल्ह्याच्या. काही दिवस गावात आशा होती की आता पीजे मोठी होईल, कापसाला भाव मिळेल. राष्ट्रपती हे काम करत नाहीत, हे तलाठीअण्णा समजावून थकले. पीजे पुढे 2020 मध्ये कोरोनात थांबली ती थांबलीच.

त्यानंतर प्रणवदा झाले, कोविंद झाले, 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू झाल्या. पेपर घेणारे कमी झाले, बातमी मोबाइलवर येते आणि बातमीच्या आधी तिच्यावरचं भांडण येतं. मुर्मूंच्या वेळी आमच्या तालुक्यातल्या काही आदिवासी वस्त्यांवरून पोरं खास अंक न्यायला आली होती. ओडिशातलं मयूरभंज कुठे आणि आम्ही कुठे, तरी त्यांना ते आपलं वाटलं. मला बरं वाटलं. तिथल्या एखाद्या पेपरवाल्याने 2007 मध्ये माझ्या टेबलाशी ऐकलं तसंच काही तिथे ऐकलं असेल, अभिमान आणि प्रश्न दोन्ही, असं मी धरून चालतो.

आता विधानसभा आली की गठ्ठे मी पुन्हा एका ओळीत लावतो आणि जपून बोलतो. पण कुणी "आपल्या लोकांना राजकारणातलं काय कळतं, जात बघतात अन् मोकळे होतात" असं म्हणालं की मी गप्प बसत नाही. यांना कळतं. भागाकार मांडून दाखवला तर 1971 ची खोच ते पहिल्याच बैठकीत काढतात. आपल्या माणसाचं कौतुक करता करता त्याला जाब विचारणंही त्यांना जमतं. फक्त त्यासाठी आमच्या डोक्यावर कुणाचं ओझं नसावं लागतं. ज्याला आपण मत देतो त्याच्याबद्दलही असं बोलता यायला हवं. ते कसं जमवायचं हे मला सांगता येणार नाही. पण माणसं तीच आहेत आणि टेबलही तेच आहे, त्यामुळे जमणारच नाही असं कुणी म्हटलं तर मी मानत नाही.